दगडाचं वय विचारण्याआधी: कुणाचं वय?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू शिरपूरची, एम.एस्सी. भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. अभ्यासक्रमात एक ओळ आली, ‘ॲक्रिशनरी कॉम्प्लेक्समधल्या चर्टचं वय रेडिओलेरियावरून ठरवतात’, सरांनी ती वाचली आणि ते पुढच्या मुद्द्यावर गेले. तुझ्या मनात तीन गोष्टी अडकून राहिल्या. रेडिओलेरिया या समुद्री एकपेशीय जीवांच्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कवचांवरून चर्टचं, म्हणजे सिलिकाच्या कडक खडकाचं, कोट्यवधी वर्षांचं वय कसं निघतं, आणि त्यापेक्षा सरळ किरणोत्सर्गी पद्धत का वापरत नाहीत? एकाच टेकडीत पर्मियन आणि जुरासिक (आधी पर्मियन, मग ट्रायसिक, जुरासिक, क्रिटेशियस, त्यानंतर इओसीन, असा काळांचा क्रम) असे दोन्ही काळांचे जीवाश्म मिळाले तर टेकडी कुठल्या काळाची धरायची? आणि अनेर नदीच्या पात्रात तुला मिळालेल्या लाल, गुळगुळीत दगडात रेडिओलेरिया सापडतील का?

तिसऱ्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. ते मुद्दाम शेवटी ठेवतो, नाहीतर बाकीचं तू वाचायची नाहीस. वयाने तू माझ्या नातीएवढी, म्हणून अगं-तुगं करतोय.

मीही तापीकाठचाच, चोपडा तालुक्यातला. नोकरीची पस्तीसेक वर्षं सूक्ष्मजीवाश्मांत गेली, त्यातली बरीचशी अंदमान आणि नागा टेकड्यांच्या दगडांवर. सुट्टीत घरी आलो की नमुन्यांच्या पिशव्या ओसरीवर मांडून बसायचो. आई विचारायची, ‘दगडमा काय शे एवढं?’ तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. तुला प्रयत्न करतो.

ॲक्रिशनरी कॉम्प्लेक्स म्हणजे काय, ते आपल्या शेतातच दिसतं. कपाशी निघाल्यावर वखर धरला की पासेपुढे (वखराच्या पात्यापुढे) माती, ढेकळं, पऱ्हाटीची धसकटं, एखादा ठिबकच्या नळीचा तुकडा असं सगळं गोळा होत जातं. ढीग वाढला की नवी माती त्याच्या खालून घुसते आणि आधीची वर उचलली जाते. समुद्राखाली वखर जागेवर असतो आणि शेत सरकतं, एवढाच फरक. महासागराचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली जाताना त्याच्या पाठीवरचा गाळ, बेसाल्टचे तुकडे, कधी बुडालेल्या ज्वालामुखीचं टोक, हे सगळं वरच्या भूपट्टाच्या कडेला खरवडून निघतं आणि पाचरीसारखं एकावर एक रचलं जातं. जपानचा बराच मोठा भाग असा रचलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे फ्रान्सिस्कन खडक याच जातीचे, आणि आपलं अंदमानसुद्धा.

या ढिगाऱ्याला इतकी किंमत का, तेही सांगतो. आज महासागरांच्या तळाशी जागच्या जागी असलेला सर्वात जुना तळ पश्चिम पॅसिफिकमध्ये आहे आणि तो साधारण 18 कोटी वर्षांपलीकडे जात नाही. त्याआधीचे सगळे महासागर गिळले गेले. त्यांचं जे काही उरलं, ते फक्त पासेपुढे अडकलेलं. 25 कोटी वर्षांपूर्वीच्या खोल समुद्राबद्दल काही जाणून घ्यायचं असेल तर जहाज काढून उपयोग नाही, डोंगर चढावा लागतो.

आता त्या सरकत्या तळावर काय काय साचतं ते बघ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. महासागराच्या मधल्या कण्यावर लाव्हा बाहेर येतो आणि पाण्यात उशांसारखे गोळे होऊन गोठतो. हा झाला खालचा बेसाल्ट. हा तळ किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात सरकत राहतो. साधारण चार-पाच किलोमीटर खोलीखाली चुन्याची कवचं विरघळून जातात. उरतात फक्त सिलिकाची कवचं आणि वाऱ्याने उडत आलेली बारीक धूळ. त्यांचा होतो चर्ट: विटेसारखा लाल, हातोडीला कडक, बोटभर ते चार बोटं जाडीचे थर, आणि मधे शेल या मातीच्या खडकाचे पातळ पापुद्रे. तळ खंडाजवळ येऊ लागला की त्यात चिखल मिसळू लागतो, मग सिलिकायुक्त मडस्टोन बनतो. अगदी खंदकाशी, म्हणजे तळ खाली बुडतो तिथल्या खोल दरीशी, पोहोचला की नद्यांनी आणलेली वाळू येऊन पडते. बेसाल्ट, चर्ट, मडस्टोन, वाळूखडक. हा क्रम म्हणजे त्या तळाच्या तुकड्याचा जन्मापासून खंदकापर्यंतचा प्रवास. इंग्रजीत त्याला ओशन प्लेट स्ट्रॅटिग्राफी म्हणतात. जपानी मंडळींनी ही कल्पना पक्की केली.

चर्ट किती सावकाश साचतो, त्याचा अंदाज घे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाजवळ मरीन हेडलँड्स नावाचे कडे आहेत. तिथला चर्ट बेनिता मर्ची या अमेरिकन संशोधिकेने 1984 मध्ये रेडिओलेरियाच्या आधारे पट्टीपट्टीने वाचला. साधारण 80 मीटर जाडी, आणि तेवढ्यात पूर्व जुरासिकपासून क्रिटेशियसच्या मध्यापर्यंतचा काळ, म्हणजे सुमारे नऊ कोटी वर्षं. भागाकार कर. हजार वर्षांत एक मिलिमीटरही भरत नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे ना, आठशे वर्षांपूर्वीचा? तो कोरला गेल्यापासून आजवर या हिशेबाने तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत एवढाच चर्ट होईल.

म्हणून तू हातात धरलेल्या मुठीएवढ्या चर्टमध्ये लाखभर वर्षं मावतात. असे थर चढत गेलं की जीवांच्या जाती बदलत जातात. इथे रेडिओलेरिया कामाला येतात.

रेडिओलेरिया हे समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव. आकार बहुतेकांचा मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंत, आणि सांगाडा सिलिकाचा. घंटा, जाळीदार चेंडू, भाला, कंदील, असे आकार की सोनाराने करावेत. कँब्रियन काळापासून आजपर्यंत ते अखंड आहेत. एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने चॅलेंजर जहाजाच्या सफरीत गोळा झालेल्या गाळातून त्यांच्या साडेतीन हजारांवर नव्या जाती 1887 मध्ये वर्णन केल्या. (हाच हेकेल 1881 मध्ये सिलोनला जाताना आठवडाभर मुंबईत मुक्काम करून गेला होता. मला ही गोष्ट उगीचच आवडते.) पण हेकेलने काढलेली चित्रं म्हणजे नुसती कॅटलॉगची पानं. कोणती जात कोणत्या काळातली, हे कळायला आणखी ऐंशी वर्षं जावी लागली. 1968 पासून खोल समुद्रात छिद्रं पाडून सलग गाळाच्या कांड्या काढल्या जाऊ लागल्या. सलग म्हणजे खालून वर काळ ओळीने. कोणती जात कुठे पहिल्यांदा दिसते आणि कुठे संपते, हे त्यात क्रमाने मांडता आलं. त्याच सुमारास स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाताशी आला आणि दोन सारख्या दिसणाऱ्या घंटांमधली छिद्रांची रांग मोजता येऊ लागली.

तेव्हा रेडिओलेरिया स्वतः वर्षं सांगत नाहीत, हे नीट ध्यानात घे. ते क्रम सांगतात. पुढे तोच क्रम अमोनाइट (लुप्त समुद्री प्राण्यांचे शंख), चुंबकीय पट्टे, राखेच्या थरातले झिरकॉन (किरणोत्सर्गावरून वय मोजता येतं असे खनिजकण) यांच्याशी जुळवून वर्षांत उतरवला जातो. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘दुष्काळाच्या आधी दोन वर्षं’ असं जन्मसाल सांगतात आणि 1972 चा दुष्काळ माहीत असलेला माणूस त्याचा आकडा काढतो, तसंच. एकटी जात फसवू शकते, म्हणून आम्ही दहा-पंधरा जातींचा मेळ बघतो. कुठल्या जाती एकत्र राहू शकतात आणि कुठल्या कधीच राहिल्या नाहीत, यावर काळाचे पट्टे ठरतात. मध्य जुरासिकपासून पूर्व क्रिटेशियसपर्यंतच्या काळाचे असे 22 पट्टे 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. आजही तेच टेबलावर उघडे असतात.

किरणोत्सर्गी पद्धत का नाही, याचं उत्तर थोडक्यात देतो. चर्टमध्ये घड्याळ म्हणून वापरता येईल असं खनिजच जवळजवळ नसतं. खालच्या बेसाल्टला समुद्राच्या पाण्याने इतकं बदललेलं असतं की पोटॅशियम-आर्गॉनचं वय बहुतेक वेळा बिघडलेलंच निघतं. मडस्टोनमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा पापुद्रा मिळाला तर झिरकॉन उत्तम वय देतात. तो मिळणं नशिबाचं. वाळूखडकातले झिरकॉन मोजतात, पण ते कुठल्या तरी डोंगरातून झिजून आलेले असतात. वाळू त्यांच्यापेक्षा जुनी नाही, एवढंच ते सांगतात.

कोनोडॉन्टचाही तू उल्लेख केलास, म्हणून दोन ओळी. दातासारखे दिसणारे कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक तुकडे 1856 मध्ये पांडर नावाच्या संशोधकाने वर्णन केले, आणि ते कोणाचे दात हे कळायला 1983 उजाडलं, जेव्हा एडिंबरजवळच्या खडकातून अख्ख्या प्राण्याचा ठसा ओळखला गेला. ट्रायसिकच्या शेवटी कोनोडॉन्ट संपतात, त्यामुळे जुरासिकमध्ये त्यांचा उपयोग नाही. मात्र त्यांचा एक जास्तीचा गुण आहे. तापले की त्यांचा रंग बदलतो, फिक्या पिवळ्यापासून तपकिरी आणि 300 अंश सेल्सिअसच्या पुढे काळाकुट्ट. म्हणजे वयही कळतं आणि दगड जमिनीखाली किती भाजून निघाला तेही. तेवढ्या उष्णतेत रेडिओलेरिया ओळखण्यापलीकडे गेलेले असतात.

प्रयोगशाळेतलं काम सांगतो आणि त्यात एक धोक्याची सूचनाही. चर्ट सिलिकाचा आणि त्यातले सांगाडेही सिलिकाचे. मग वेगळे कसे करणार? 1970 च्या आसपास दुमित्रिका यांनी आणि 1972 मध्ये पेसाग्नो आणि न्यूपोर्ट यांनी हायड्रोफ्लोरिक ॲसिडची युक्ती दाखवली. पाचेक टक्क्यांच्या सौम्य ॲसिडमध्ये दगडाचे तुकडे दिवसभर ठेवले की बारीक कणांचा भोवतालचा भाग आधी झडतो, सांगाडे किंवा त्यांचे आतले साचे किंचित मागे राहतात. त्या ‘किंचित’वर सगळा खेळ. वेळ कमी झाली तर ते बाहेर येत नाहीत, जास्त झाली तर तेही विरघळतात. एकाच नमुन्याला चार-सहा वेळा ॲसिड बदलत, दरवेळी गाळ वेगळा करत जायचं. मग 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचं, वाळवायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तीन शून्यांच्या कुंचल्याने एकेक उचलायचा. तुरीची डाळ निवडण्याची सवय असलेल्या बायका या कामात माझ्यापेक्षा हुशार निघतात, हे मी अनुभवाने सांगतो.

हे ॲसिड तू हाताळायचं नाहीस. साध्या फ्यूम हूडशिवाय (विषारी वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय), एकटीने, ‘जरा करून बघू’ म्हणून तर नाहीच. ते काच खातं, म्हणून भांडी पॉलिथिनची लागतात. सौम्य असेल तर कातडीवर पडल्यावर लगेच चटका बसत नाही आणि तीच खरी भीती आहे. ते आत जाऊन हाडातल्या आणि रक्तातल्या कॅल्शियमला धरतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल टेबलावर उघडी नसेल तर आम्ही बाटलीचं झाकणही काढत नसू. आणि संडास साफ करायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्याने चर्टला काहीही होत नाही. फक्त घरचे ओरडतील.

आता तुझा दुसरा प्रश्न. खरं तर तिन्हींत हाच मोठा आहे, आणि माझ्या पाहण्यातल्या निम्म्या तरी चुका इथे होतात.

जपानमध्ये 1970 च्या दशकापर्यंत पक्कं मत होतं की होन्शूच्या डोंगरातले चर्ट आणि चुनखडक पुराजीव महाकल्पातले, म्हणजे पर्मियन आणि त्याआधीचे. कारण सबळ होतं. चुनखडकात फ्युझुलिनिड नावाचे तांदळाच्या दाण्यासारखे जीवाश्म खच्चून भरलेले, गिफू प्रांतातल्या अकासाकाचे तर जगप्रसिद्ध. फ्युझुलिनिड पर्मियनच्या शेवटी संपले, यात वाद नाही. आजूबाजूचा चर्ट आणि मडस्टोन त्याच डोंगरात, मग तेही पर्मियन. वरकरणी बिनचूक.

मग आधी चर्टमध्ये ट्रायसिक कोनोडॉन्ट मिळू लागले. लोकांना वाटलं, कुठेतरी ट्रायसिकचा एखादा पट्टा असेल. त्यानंतर हायड्रोफ्लोरिकची युक्ती पोहोचली आणि मडस्टोन उघडला, तर त्यात जुरासिक रेडिओलेरिया. किसो नदीच्या काठी इनुयामा आणि उनुमा इथे हे काम झालं. 1976 मध्ये इचिकावा आणि याओ यांनी तिथल्या एका प्रजातीला गावाच्या नावावरून ‘उनुमा’ असंच नाव दिलं. काटेरी, लिंबासारखा जीव, मध्य जुरासिकची ओळखच. पाच-सात वर्षांत देशभर प्रयोगशाळांतून ॲसिडचे पेले मांडले गेले आणि जुने नकाशे रद्दीत गेले. जपानी भूशास्त्रज्ञ या काळाला रेडिओलेरियाची क्रांतीच म्हणतात.

पण फ्युझुलिनिड काही खोटे नव्हते. चुनखडक पर्मियनच होता. चर्ट ट्रायसिक आणि पूर्व जुरासिक होता, मडस्टोन मध्य जुरासिक. तिन्ही वयं बरोबर. चूक होती ती एकाचं वय शेजाऱ्याला लावण्यात. चुनखडक म्हणजे पॅसिफिकच्या पूर्वजातल्या एखाद्या ज्वालामुखी बेटाची टोपी, तो तळ वर्षानुवर्षं सरकत येऊन जुरासिकमध्ये आशियाच्या कडेला धडकला, फुटला, आणि त्याचे तुकडे त्या वेळच्या चिखलात रुतले. बसस्टँडवर आजोबा आणि नातू शेजारी बसलेत, म्हणून ते एका वयाचे होत नाहीत.

म्हणून माझा नियम असा की कोणी ‘या टेकडीचं वय काय’ विचारलं तर मी उलट विचारतो, कुणाचं? बेसाल्टला टेकलेला सर्वात खालचा चर्ट सांगतो की हा तळ जन्मला कधी. चर्टचा मडस्टोन होतो ती जागा सांगते की तळ खंडाच्या सावलीत आला कधी. सर्वात वरचा, सर्वात तरुण मडस्टोन किंवा वाळूखडक सांगतो की तो खंदकात पोहोचला कधी, आणि खरवडला गेला तो त्यानंतर लगेच. टेकडी ‘बनली’ कधी याला सर्वात जवळचं उत्तर या शेवटच्या वयात आहे, आणि गंमत म्हणजे लाल, देखणा चर्ट सोडून तो राखाडी, कंटाळवाणा मडस्टोन कोणी गोळा करत नाही. त्यातल्या मँगनीजच्या गाठी तर अजिबात सोडू नकोस. मी पाहिलेले सर्वात चांगले टिकलेले जुरासिक रेडिओलेरिया अशा गाठीतले होते.

पहिल्या आणि शेवटच्या वयाची वजाबाकी म्हणजे प्रवासाचा काळ. समजा सहा कोटी वर्षं आली आणि तळ वर्षाला पाच सेंटीमीटर सरकत होता, तर तो तीन हजार किलोमीटर चालून आला. वेग आपण गृहीत धरलेला आहे, हे मात्र विसरू नये. शोधनिबंधांतही कधीकधी विसरलेलं दिसतं.

आणखी एक उलटापालट. प्रत्येक कापात, म्हणजे खरवडून निघालेल्या प्रत्येक तुकड्यात, नेहमीसारखं जुनं खाली आणि नवं वर असतं. पण वखराच्या ढिगात नवी माती खालून घुसते, तसे नवे काप जुन्या कापांच्या खाली घुसतात. त्यामुळे सबंध डोंगराचा विचार केला तर वरचा काप जुना, खालचा तरुण. इनुयामाला नदीकाठाने चालताना तोच तो चर्ट आणि तोच तो वाळूखडक पुन्हा पुन्हा येतो. जीवाश्म नसते तर कोणीही म्हणालं असतं की इथे प्रचंड जाडीचा सलग थर आहे.

असं एकदा झालेलंही आहे. स्कॉटलंडच्या दक्षिण डोंगराळ भागात सरकारी सर्वेक्षणाला वाटत होतं की खडकांची जाडी अफाट आहे. चार्ल्स लॅपवर्थ नावाचा गॅलाशील्सचा शाळामास्तर सुट्ट्यांमध्ये डॉब्ज लिनच्या ओढ्यात जाऊन ग्रॅप्टोलाइट गोळा करत बसायचा. ग्रॅप्टोलाइट, म्हणजे लुप्त समुद्री जीवांचे जीवाश्म, डोळ्यांना दिसतात, करवतीच्या पात्यासारखे, पण काम तेच. 1878 मध्ये त्याने दाखवून दिलं की तो एकच पातळसा शेलचा संच आहे आणि तोच घड्या पडून, तुटून, वारंवार समोर येतो. पुढे 1977 मध्ये मॅकेरो, लेगेट आणि ईल्स यांनी हाच प्रदेश प्राचीन ॲक्रिशनरी पाचर म्हणून वाचला. लॅपवर्थच्या वेळी भूपट्ट हा शब्दही नव्हता. तरी त्याचं टिपण तसंच्या तसं उपयोगी पडलं, कारण त्याने कुठला जीवाश्म नेमका कुठल्या पापुद्र्यातला, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं.

मी तेवढा प्रामाणिक नव्हतो, सुरुवातीला. नोकरीचं तिसरं की चौथं वर्ष असेल. एका बेटावरून आणलेल्या तांबूस-राखाडी दगडातून मला एकाच पेल्यात क्रिटेशियस आणि इओसीन असे दोन्ही काळांचे रेडिओलेरिया मिळाले. मी आनंदाने वेडा. काहीतरी नवीन, काही जाती वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकल्या, असलं काहीबाही मसुद्यात लिहूनही टाकलं. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी मसुदा वाचला, काही बोलल्या नाहीत, उरलेला दगड मागवून घेतला आणि करवतीने कापून ओल्या पृष्ठभागावर भिंग धरलं. दगड मडस्टोनचा होता आणि त्यात हरभऱ्याएवढे चर्टचे खडे होते. खडे क्रिटेशियस, भोवतालचा चिखल इओसीन. मी सगळं एकत्र फोडून एका पेल्यात टाकलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, ‘आमटी करण्याआधी भाजी आणि डाळ वेगळी ओळखायची.’

त्यानंतर मी प्रत्येक नमुना आधी कापून बघतो. खडा आणि चिखल वेगळे फोडतो, वेगळ्या पेल्यात घालतो. दोन नमुन्यांच्या मधे चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवतो, म्हणजे आधीच्या नमुन्यातला एखादा चुकार निळा होऊन ओळखू येतो. एका पेल्यात मिश्र वयं मिळाली की सर्वात तरुण जात धरायची, कारण म्हातारा जीवाश्म झिजून नव्या चिखलात येऊ शकतो, न जन्मलेला जीव जुन्या चिखलात येऊ शकत नाही. आला असेल तर चाळणी धुतली नाही असं समजायचं.

आपल्या देशातली दोन उदाहरणं दिली म्हणजे हे परदेशातलंच खूळ वाटणार नाही. पोर्ट ब्लेअरला, आता श्री विजयपुरम, आपली माणसं सेल्युलर जेल पाहायला जातात. त्याच दक्षिण अंदमानच्या खडकांतून क्रिटेशियस आणि इओसीन, दोन्ही काळांचे रेडिओलेरिया 1996 मध्ये नोंदले गेले. नागा टेकड्यांच्या ओफिओलाइट (जमिनीवर चढलेला जुना समुद्रतळ) पट्ट्यातल्या चर्टमधून उत्तर जुरासिकचे रेडिओलेरिया 2011 मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचे. भारत आशियाला भिडण्याच्या कितीतरी आधी, मधे जो टेथिस समुद्र होता, त्याच्या तळाचा तो कपटा आहे. पण ते वय त्या तळाच्या गाळाचं. टक्कर कधी झाली याचं उत्तर त्या लाल चर्टला विचारू नये. परीक्षेत विचारलं तर हे वाक्य लिही.

आणि या कामाचं फळ फक्त नकाशापुरतं नाही. पर्मियनच्या अखेरीस, 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी, समुद्रातल्या बहुतेक जाती नष्ट झाल्या. त्या वेळी खोल महासागरात काय चाललं होतं, हे सांगणारा पुरावा जपानच्या या कापांतच उरला आहे. लाल चर्ट येता येता राखाडी होतो, मग चर्टच थांबतो आणि काळी माती येते. लाल रंग म्हणजे ऑक्सिजन, काळा म्हणजे त्याचा दुष्काळ. इसोझाकी यांनी 1997 मध्ये हे मांडलं. तो काळा पट्टा नेमका त्या सीमेवरचा आहे हे ठरवलं कोणी? त्याच्या खालच्या आणि वरच्या रेडिओलेरिया-कोनोडॉन्टनी.

आता तुझा लाल दगड. उत्तर आहे: नाही.

अनेर सातपुड्यातून येते, आणि तिच्या वाटेत आहे तो दख्खनचा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा, जमिनीवर सांडलेला. लाव्हात वायूचे बुडबुडे राहतात, त्या पोकळ्यांत नंतर गरम पाण्यातून सिलिका साचते आणि तिचे अकीक, कॅल्सेडोनी, जास्पर बनतात. सावद्याकडच्या खाणीतून निघणारे झिओलाइट अशाच पोकळ्यांतले. तुझा दगड बहुधा लाल जास्पर. तोही सिलिका, चर्टही सिलिका, हातोडीखाली दोघेही सारखेच ठिणगी देतात, पण तुझ्या दगडाने समुद्र पाहिलेला नाही. समुद्री जीवाश्म हवेच असतील तर सातपुडा आणि नर्मदा ओलांडून मध्य प्रदेशात बाघच्या बाजूला जा. तिथे ट्रॅपच्या, म्हणजे याच दख्खनच्या बेसाल्टच्या, खाली क्रिटेशियस समुद्राचे थर आहेत, शिंपले आणि समुद्री अर्चिन नुसत्या डोळ्यांनी दिसतील.

तरी आपल्या ट्रॅपचं आणि सूक्ष्मजीवाश्मांचं एक नातं आहे. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या खाणींत दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधे समुद्री गाळ सापडतो. गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी त्यातले फोरामिनिफेरा (कवचवाले समुद्री एकपेशीय जीव) 2008 मध्ये वाचले आणि दाखवलं की तो गाळ डायनासोर संपल्यानंतर लगेचचा आहे. म्हणजे खालचा लाव्हा त्याच्या आधीचा, वरचा नंतरचा. इथेही जीवाश्माने स्वतःच्या गाळाचं वय सांगितलं, आणि लाव्हाचं आपण त्यावरून काढलं. धुळे-नंदुरबारच्या शेतांमधून भिंतीसारख्या जाणाऱ्या डाइकांना (भेगांत गोठलेल्या लाव्हाला) असा साक्षीदार मिळत नाही. त्यांच्यासाठी आर्गॉन पद्धतच.

तुला हात घालून बघायचंच असेल तर ॲसिड न लागणारा रस्ता आहे. तुमच्या विभागात पातळ छेद करायचं यंत्र असेलच. तुझ्या अनेरच्या दगडाचा एक छेद कर. विभागाच्या संग्रहात चर्टचा एखादा तुकडा असेल, त्याचाही कर. दोन्ही शेजारी ठेवून साध्या प्रकाशात बघ. जास्परमध्ये लालसर धूर, शिरा, कुठे एकात एक वर्तुळांची पट्टी दिसेल. चर्टमध्ये लाल पार्श्वभूमीवर स्वच्छ, पांढरट गोल ठिपके दिसतील, जवळजवळ एका मापाचे, काहींच्या कडेला काटे किंवा जाळीची खूण. ते रेडिओलेरिया. त्यावरून जात ओळखता येत नाही, म्हणून वयही नाही, पण एकदा पाहिलेस की पुन्हा कुठल्याही टेकडीवर भिंगातून ओळखशील.

फोटो काढलेस तर मला पाठव. शेजारी रुपयाचं नाणं ठेवू नकोस, मापाची पट्टी लाव. आणि पिशवीवर नदी, गाव, तारीख लिही, दगड जागेवरून काढलास तर वरची बाजू दाखवणारा बाणही काढ. माझ्या ओसरीवर अजून अशा अकरा पिशव्या आहेत ज्यांच्यावर नुसतं ‘लाल, छान’ असं लिहिलंय.